एका विद्यार्थ्याने पाहिलेला ‘एकच प्याला’

धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर आहे. पारोळा, एरंडोल, पाळधी ही गावे मागे टाकून बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडली की जळगाव आलेच. आज त्या वाटेचे कोणास अप्रूप वाटणार नाही. परंतु १९६२ सालच्या हिवाळ्यात मॅट्रिकच्या वर्गातील एका सोळा वर्षांच्या मुलाला तो प्रवास फार मोठा वाटला होता. कारण केवळ एक नाटक पाहावयाचे म्हणून तो गाव सोडून निघाला होता. तो मुलगा मी, आणि ते नाटक राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’. त्या नाटकाने परीक्षेत मला चार गुण अधिक मिळवून दिले की नाही, हे आता स्मरत नाही. पण त्या रात्री त्याने माझीच एक परीक्षा घेतली आणि तीत मी नापास झालो, हे मात्र पक्के स्मरते. त्याचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आम्हांस मराठी शिकविणारे गुरुजी नाटकवेडे होते. १९४४ साली मराठी साहित्य संमेलन धुळ्यास भरले, त्याचे अध्यक्ष नाटककार मामा वरेरकर होते. त्या संमेलनाच्या गोष्टी गुरुजी वर्गात इतक्या रंगून सांगत की घंटा झाली तरी कोणी जागचे उठत नसे. ‘नाटकाचे पुस्तक म्हणजे गाण्याचा कागद, तो वाचून गाणे कळत नाही,’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. जळगावास ‘एकच प्याल्या’चा प्रयोग होणार असल्याचे समजताच त्यांनी वर्गात सांगितले, ‘ज्याला जमेल त्याने जाऊन यावे. मग त्यावर निबंध लिहावा.’ सगळ्या वर्गातून जाणे जमले ते एकट्या मला, आणि तेही मामांमुळे.

येथे मामांविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. ते माझ्या आईचे थोरले बंधू. आमच्या बिऱ्हाडास लागूनच त्यांचे बिऱ्हाड होते. सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका कारखान्यात ते हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख आणि गळा गोड. बालगंधर्वांची पदे ते अशी म्हणत की शेजारपाजारची माणसे ओट्यावर येऊन बसत. आणि असे हे मामा दारू पीत. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला दारूबंदीचा कायदा तेव्हा अमलात होता; त्यामुळे जे काही व्हावयाचे ते चोरून, पांझरेपलीकडच्या कोठल्याशा खोपटात. सायंकाळी कारखान्याच्या दारात मी दिसलो की मामा हाक मारीत, ‘भाचेबुवा, मामीला सांग, आज हिशेबाला बसविले आहे. उशीर होईल.’ आणि माझ्या हातावर चार आणे ठेवीत.

मी धावत जाऊन मामीला तो निरोप सांगत असे. ती काही बोलत नसे. चुलीवरची भाकरी उलटून ती म्हणे, ‘बरं.’ मला त्यात काही वावगे वाटत नव्हते. घरातही मामांच्या पिण्याची थट्टाच होत असे. पिऊन आल्यावर ते मांजरालाही ‘अहो, वाट द्या’ म्हणत, आणि आम्ही मुले तोंडावर हात धरून हसत असू. व्यसन म्हणजे काय, हे ठाऊक होण्यापूर्वीच त्याला हसावयाचे कसे, हे मी शिकून बसलो होतो.

कारखान्याच्या कामासाठी मामांना जळगावच्या बाजारात जावयाचे होते, आणि नेमका तोच दिवस प्रयोगाचा निघाला. आई मामांना म्हणाली, ‘दादा, पोराला नाटक दाखवून आण. त्याला सांभाळ.’ मग मला स्वयंपाकघरात बोलावून ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘दादाला रात्री एकटे सोडू नकोस. त्याला सांभाळ.’ अशा रीतीने एकमेकांना सांभाळण्याची जबाबदारी घेऊन आम्ही दोघे एस्. टी. च्या गाडीत बसलो.

वाटेत मामा अत्यंत उल्हासात होते. कापसाचा हंगाम असल्याने रस्त्याच्या कडेने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. वाऱ्याबरोबर कापसाचे पिंजके उडत होते. मामा सांगत होते ते बालगंधर्वांविषयी. ‘भाचेबुवा, हे जळगाव म्हणजे साधे गाव नव्हे,’ ते म्हणाले, ‘नारायण राजहंस लहानपणी येथे राहिला, येथेच शाळेत गेला आणि येथेच मेहबूबखाँसाहेबांपाशी गाणे शिकू लागला.’ ही गोष्ट खरीच आहे. पुढे १९०५ साली मिरजेस किर्लोस्कर नाटकमंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत जो मुलगा उभा राहिला आणि ज्याने उभ्या महाराष्ट्राला वेड लावले, त्याच्या गळ्याला पहिले वळण ह्याच खानदेशी गावात लागले. शाळेतल्या पाठांपेक्षा गाण्याचे पाठच त्याला अधिक लाभले. मी जळगावास निघालो तेव्हा बालगंधर्व हयात होते; परंतु रंगभूमीपासून ते दूर झाले होते. ‘एक विद्यार्थी येथून नाटकाकडे गेला, आणि दुसरा नाटक पाहावयास येथे चालला आहे,’ असे म्हणून मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

‘एकच प्याल्या’ची जन्मकथाही त्यांनीच मला सांगितली. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, तेव्हा ते अवघे ३३ वर्षांचे होते. हे नाटक त्यांनी रंगभूमीवर पाहिलेच नाही. पुरा महिनाही लोटला नव्हता तोच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटकमंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. पदे रचण्याचे काम विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी केले. सुधाकर झाले गणपतराव बोडस, आणि सिंधू झाले बालगंधर्व. पैठण्या आणि शालू ज्यांच्या अंगावर शोभावयाचे, त्या बालगंधर्वांनी सिंधूसाठी गरिबाघरचे साधे लुगडे नेसले, आणि त्याच वेषात त्यांनी प्रेक्षकांना रडविले. हे सांगताना मामांचा आवाज कातर झाला. ते जळगावास चालले होते ते त्या पदांसाठी. नाटक दारूवरचे आहे, हे जणू त्यांच्या गावीही नव्हते.

प्रयोग कनाती लावून उभारलेल्या नाट्यगृहात होता. थंडी चांगलीच पडली होती. प्रेक्षक घोंगड्या आणि शाली पांघरून बसले होते. पुढे खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, व्यापारी आणि त्यांच्या घरची मंडळी. मागे बाकांवर आमच्यासारखी. पडदा वर गेला, आणि मी मांडीवर वही घेऊन निबंधाची टिपणे काढण्यास सरसावलो.

कथानक आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. न्यायालयात त्याचा अपमान होतो, काही काळ सनद जाते, आणि त्या जळफळाटात त्याचा कारकून तळीराम दुःख विसरण्याचा उपाय म्हणून त्याच्यापुढे प्याला धरतो. एकच प्याला! तेथून एकेक पायरी उतरत जाऊन तो संसाराची राख करतो. त्याची पत्नी सिंधू माहेरच्या श्रीमंतीकडे पाठ फिरवून त्याच्याच घरात दळण दळीत राहते. मित्र रामलाल त्याला सावरू पाहतो; पण त्याचे सारे उपाय थिटे पडतात.

परंतु ह्या नाटकाचे खरे कौशल्य त्याच्या विनोदात आहे, हे पुस्तक वाचताना मला मुळीच कळले नव्हते. तळीराम आणि त्याचे मद्यपी सोबती ‘आर्य मदिरा मंडळ’ स्थापन करतात, सभा भरवितात, पिण्याच्या बाजूने शास्त्राधार शोधतात. तो प्रवेश सुरू झाला आणि नाट्यगृह हास्याने दणाणून गेले. पुढच्या खुर्च्यांवरील प्रतिष्ठित मंडळी पोट धरून हसत होती. माझी वही केव्हाच मांडीवरून घसरून खाली पडली होती. हसता हसता मी मामांकडे वळलो. आपल्याबरोबर आपले माणूस हसत आहे ना, हे पाहण्याची आपणांस सवयच असते.

मामा हसत नव्हते.

ते रंगभूमीकडे एकटक पाहत होते. चेहऱ्यावर ना राग होता, ना दुःख. आपलीच खातेवही दुसरा कोणी मोठ्याने वाचीत असावा, तसे ते ऐकत होते. माझे हसू जागच्या जागी थांबले. भोवतालचे शेकडो लोक हसत होते, आणि त्यांच्यात आम्ही दोघेच गप्प होतो.

मध्यंतरात ते उठले. आईचे शब्द आठवून मीही उठलो. ‘तू बस,’ ते म्हणाले. मी बसलो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. ते परत येईपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटे मला फार लांब वाटली. ते आले ते कागदात भाजलेल्या शेंगा घेऊन. त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या आणि काही न बोलता बसले. त्यांच्या श्वासाला कसला वास येतो का, हे मी हळूच पाहिले. आणि आपण असे पाहिले ह्याची मला त्याच क्षणी लाज वाटली.

मध्यंतरानंतर तो प्रवेश आला, ज्यात दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर काम मागावयास जातो. ज्यांच्यात तो मानाने वावरला तेच लोक आता त्याची टवाळी करतात, आणि अपमानित होऊन तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. येथे मामांनी पहिल्यांदा मान खाली घातली. सुधाकर पितो तेव्हा ते पाहत होते. तो सोडू पाहतो आणि लोक त्याला सोडू देत नाहीत, ते मात्र त्यांना पाहवले नाही. मला त्या वेळी ह्याचे मर्म उलगडले नव्हते. आज वाटते, सबंध नाट्यगृहात तो प्रवेश ज्याला पुरता कळला असा प्रेक्षक माझ्या शेजारीच बसला होता.

शेवट आपण जाणताच. दारूच्या भरात सुधाकराच्या हातून मूल मरते, सिंधूही मरणाच्या दारी पोचते. फौजदार येतो, तेव्हा ती साध्वी नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटी जबानी देते. सुधाकर विषाचा प्याला घेतो. पडदा पडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आम्ही धर्मशाळेकडे निघालो. रस्त्यात लोक पदांची तारीफ करीत होते, तळीरामाची वाक्ये म्हणून दाखवीत होते. मामा गप्प होते. धर्मशाळेच्या पायरीवर बसल्यावर मी धीर करून विचारले, ‘मामा, पदे कशी झाली?’

‘पदे?’ ते म्हणाले, ‘चांगली झाली असतील.’ आणि थोड्या वेळाने, ‘भाचेबुवा, सुधाकर वकील होता, म्हणून त्याचे नाटक झाले. हिशेबनिसाचे कोण लिहिणार?’

ह्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्यास परतल्यावर मामीने मोठ्या हौसेने नाटकाची गोष्ट विचारली. ती अहिराणी बोले, मी मराठी. आमचे कधी अडले नाही. जाते, दळण, सिंधूचे हाल हे सारे ती मान डोलवीत ऐकत होती. शेवट सांगताना मी जरा रंगात आलो. मरतामरता सिंधूने पतीला कसे वाचविले, फौजदाराला कसे खोटेच सांगितले, हे मी वर्गात पाठ म्हणावा तसे घोळून सांगितले. मामी भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, ‘मंग ती बी खोटंच बोलनी ना!’

एवढेच. ‘तू बी’ असे काही ती म्हणाली नाही. म्हणण्याची गरजच नव्हती. माझे दररोजचे निरोप तिला पहिल्या दिवसापासून कळत होते. ती ते ऐकून घेत होती, कारण तिच्याही संसाराची अब्रू त्यांवरच उभी होती. मी तेथून उठलो तो माडीवर जाऊन बसलो. वही उघडली, निबंध लिहावयाचा होता. नाटकातील कोणते पात्र तुम्हांस अधिक भावले, असा प्रश्न गुरुजींनी दिला होता. मी सिंधूचे नाव लिहिले आणि खोडले. रामलालचे लिहिले आणि खोडले. रात्रभर मला एकच पात्र छळीत होते. सुधाकर आपल्या पायांनी बुडाला, हे खरे; परंतु त्याला ती वाट सोपी करून देणारा कोणी तरी लागला. तो तळीराम. आणि आमच्या घरातला तळीराम कोण? जो पिणाऱ्यास हसतो, त्याचे खोटे निरोप पोचवितो आणि त्याबद्दल चार आणे घेतो, तो. प्याला मी कधी भरला नाही. पण प्याल्याला लागणारी सवड मी रोज भरून देत होतो.

श्रोतेहो, येथून पुढची हकीकत नाटकासारखी नाही. मामांनी दारू सोडली, असे मी सांगितले तर ते आपणांस गोड वाटेल. पण ते खरे नव्हे. दीडएक महिना ते वेळेवर घरी येत राहिले. नंतर एका सायंकाळी कारखान्याच्या दारात त्यांनी मला पूर्वीसारखी हाक मारली. हातात चार आणे होते. मी म्हणालो, ‘मामा, मी निरोप सांगणार नाही. तुम्ही घरी चला. नाही तर मी येथेच बसतो.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागावतील असे मला वाटले होते. ते रागावले नाहीत. त्या दिवशी ते माझ्याबरोबर घरी आले. पुष्कळ दिवस आले नाहीत. पुढे काही वर्षांनी ते गेले ते त्याच व्यसनाने. परंतु त्या सायंकाळनंतर त्यांच्या वतीने खोटे बोलण्यास त्यांनी मला पुन्हा कधी सांगितले नाही. मामीही शेजारणींना ‘हिशेबाला बसविले आहे’ असे सांगेनाशी झाली. ‘ते पितात’ एवढे दोन शब्द तिने उघड उच्चारले, आणि मग आई, मी, गुरुजी अशी चार माणसे तिच्या दुःखात निदान भागीदार तरी होऊ शकलो. पगाराच्या दिवशी मामांबरोबर कारखान्यातून घरापर्यंत चालत येण्याचे काम माझ्याकडे आले. तिच्या मुलांची शिक्षणे त्यातूनच पार पडली.

गडकऱ्यांच्या नाटकाने कोणाची दारू सुटली का, असा प्रश्न काही लोक उपहासाने विचारतात. माझ्या मामांची सुटली नाही. पण नाटक हे औषध नव्हे, की चार मात्रा घेतल्या आणि रोग गेला. ते एवढेच करते: एका काळोख्या जागेत शेकडो माणसांना एकत्र बसविते, हसविते, आणि हसता हसता आपल्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावयास लावते. पुस्तक वाचताना मी तळीरामाला हसलो, तेव्हा मला अडविणारे कोणी नव्हते. नाट्यगृहात मी हसलो, तेव्हा शेजारी मामा होते. गुरुजींच्या वाक्याचा अर्थ मला असा समजला.

आज जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे. छत्रपती संभाजीराजे यांच्या नावाचे नवे नाट्यगृह आहे. आमच्या धुळ्यासही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे. हौशी नटांच्या राज्य नाट्यस्पर्धेचे प्रयोग जळगाव केंद्रावर होतात. चांगले जुने नाटक पाहण्यासाठी आता मुलांना कारखान्याच्या कामाची सबब शोधावी लागत नाही. घरबसल्याही ते लहानशा पडद्यावर पाहता येते. तरीही जेव्हा प्रयोग जवळपास असेल, तेव्हा मुलांना नाट्यगृहात पाठवा, अशी माझी आपणांस विनंती आहे. शक्य तर घरातील वडील माणसाबरोबर पाठवा. कोणी कोणाला सांभाळावयाचे, हे तेथे त्यांचे त्यांना कळेल.

आणि मूल घरी परतले की ‘काय शिकलास?’ असे लगेच विचारू नका. त्याचे उत्तर ते वर्गातल्यासारखे तयार करून देईल. ‘कोठे हसलास?’ एवढेच विचारा, आणि ते सांगू लागले की मध्ये न बोलता ऐका.